ब्रायटन ते ट्रेड्स हॉल: न्यायमूर्ती हिगिनबॉथम यांच्या वाटेने

मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्राकाठी वसलेल्या ब्रायटन उपनगरात मी एकोणिसाव्या शतकातले राजकारणी आणि पुढे सरन्यायाधीश झालेले जॉर्ज हिगिनबॉथम यांच्यासाठी गेलो होतो आणि नेपियन हायवेच्या कडेला पुतळा भेटला तो थॉमस बेंट यांचा. स्थानिक नगरपालिकेची करवसुली करणाऱ्या या बेंट यांनीच १८७१ च्या निवडणुकीत हिगिनबॉथम यांना त्यांच्या ब्रायटन मतदारसंघात हरवले आणि पुढे बेंट मेलबर्न ज्याची राजधानी आहे त्या व्हिक्टोरियाचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुखही झाले. हिगिनबॉथम यांचा पुतळा शहरात, जुन्या ट्रेझरी इमारतीजवळ आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी, १९३७ साली बसवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्यम स्ट्रीटवरच्या व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलो. कामकाज सर्वांना खुले असते. फक्त दालनात शिरताना आणि बाहेर पडताना न्यायाधीशांच्या दिशेने मान झुकवायची. मी ती झुकवली आणि मागच्या बाकावर बसलो. येथील ग्रंथालयाचा घुमट डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीवरून घेतलेला आहे. १८२६ साली डब्लिनमध्येच जन्मलेले आणि १८५४ साली वकिलीसाठी मेलबर्नला आलेले हिगिनबॉथम १८८० पासून येथे न्यायाधीश आणि १८८६ पासून सरन्यायाधीश होते. त्यांच्या आधीचे दोन्ही सरन्यायाधीश ‘सर’ होते. त्यांनी मात्र तो किताब नाकारला.

त्यापूर्वी ते ‘आर्गस’ दैनिकाचे संपादक आणि १८६३ ते १८६८ या काळात ॲटर्नी जनरल होते. व्हिक्टोरिया तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. वसाहतीतील लोकांनी निवडलेले मंत्री आपल्या अंतर्गत कारभारासाठी त्याच लोकांना जबाबदार आहेत, लंडनच्या वसाहत खात्याला नाहीत, हे मत त्यांनी कधीही सोडले नाही. १८६५ साली सरकारने आयात जकातीचा प्रस्ताव वार्षिक खर्चाच्या विधेयकाला जोडला आणि धनिक जमीनदारांचे वर्चस्व असलेल्या वरिष्ठ सभागृहाने ते विधेयक बाजूला ठेवले. तिजोरीत पैसा होता, पण तो खर्च करण्याची मंजुरी नव्हती. तेव्हा सरकारने लंडन चार्टर्ड बँकेकडून कर्ज घेऊन देणी भागवली. मग बँकेने वसुलीसाठी सरकारवर दावा लावायचा, सरकारने तो न लढवता मान्य करायचा आणि न्यायालयाच्या हुकुमानुसार तिजोरीतून बँकेचे पैसे फेडायचे. या युक्तीला साथ दिल्याबद्दल गव्हर्नर डार्लिंग यांना लंडनने १८६६ साली परत बोलावले. आपल्यावर खरे राज्य वसाहत खात्यातला रॉजर्स नावाचा एक इसम करतो, असे हिगिनबॉथम यांनी पुढे विधानसभेत सुनावले, ते याच रागातून.

न्यायालयातून निघून मी लिटल बर्क स्ट्रीटवरच्या चायनाटाऊनमधून चालत गेलो. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे तो येथे अडखळतो. १८८८ साली ‘अफगाण’ जहाजाने आलेले चिनी प्रवासी आह टॉय चिनी स्थलांतरितांसाठी ठरलेला १० पौंडांचा कर भरायला तयार असूनही त्यांना उतरू दिले गेले नाही. सहापैकी चार न्यायाधीशांनी आह टॉय यांच्या बाजूने कौल दिला. हिगिनबॉथम विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते, कारण त्यांच्या लेखी परक्यांना रोखणे हा स्वशासित वसाहतीच्या मंत्र्यांचा अधिकारच होता. तत्त्व तेच, आयुष्यभर जपलेले; पण त्याची किंमत या वेळी बंदरात अडकलेल्या एका परक्या माणसाने मोजली. हे मला पटत नाही आणि त्यांच्यावर लिहिताना ते गाळणेही मला योग्य वाटत नाही.

तेथून उत्तरेला ट्रेड्स हॉल गाठला. हे कामगार संघटनांचे घर. आतल्या दगडी पायऱ्या पिढ्यानपिढ्यांच्या बुटांनी मध्यभागी खोलगट झिजल्या आहेत. हात फिरवला तर खळगा स्पष्ट लागतो. १८९० च्या मोठ्या सागरी संपात मालकवर्ग वाटाघाटींना बसायला तयार नव्हता. तेव्हा पदावर असलेल्या या सरन्यायाधीशांनी ट्रेड्स हॉलच्या अध्यक्षांना आपल्या पदनामासह पत्र लिहून संपनिधीसाठी ५० पौंडांचा धनादेश पाठवला आणि कामगारांची चर्चेची रास्त मागणी मान्य होण्याची वाट पाहावी लागत आहे तोवर आठवड्याला १० पौंड पाठवत राहीन, असे कळवले. प्रतिष्ठित मंडळी संतापली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

३१ डिसेंबर १८९२ रोजी ते वारले, तेव्हाही ते सरन्यायाधीशच होते. त्या झिजलेल्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून होतो. वर कुठेतरी सभा चालू होती आणि माणसे माझ्या बाजूने चढत-उतरत होती.