बॅग ठरवते ते खरं

विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उतरवली, दांडी खटकन वर ओढली, की समोर दोन बाण दिसतात. एक रेल्वेकडे, एक टॅक्सीकडे. तिथे थबकून विचार करणाऱ्यांचं नवल वाटतं, कारण निर्णय केव्हाच झालेला असतो. पाठीवर ७ किलोची सॅक असेल तर रेल्वे. २३ किलोची एक बॅग, तिच्यावर आडवी टाकलेली दुसरी आणि कडेवर झोपलेलं मूल असेल तर गाडी, मग बाहेर कितीही कोंडी असो.

तरी लोक मिनिटंच मोजतात. 'रेल्वे पंधरा मिनिटांत पोचते' म्हणे. कुठे पोचते? शांघाय विमानतळावरची चुंबकीय रेल्वे २००४ पासून ३० किलोमीटर आठेक मिनिटांत कापते आणि उतरवते लोंगयांग रोड स्थानकाला. जुनं शहर अजून नदीपलीकडे. उचला बॅगा, धरा मेट्रो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची हीथ्रो एक्स्प्रेस पाव तासात पॅडिंग्टन स्थानकाला सोडते. पॅडिंग्टनच्या आसपासच उतरायचं असेल तर उत्तमच. बाकीच्यांसाठी १९७७ पासून हीथ्रोला येणारी मेट्रोची पिकाडिली लाइन आहे. वेळ तिप्पट घेते, पण न बदलता थेट मधोमध नेऊन घालते. अशा वेळी संथ रेल्वेच शहाणी. रेल्वे बदलायची म्हणजे जिना, लांबलचक बोगदा, उलट्या दिशेचा फलाट, आणि लिफ्ट. ती असतेच, फक्त फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

हाँगकाँगनं १९९८ मध्ये दुखण्याच्या मुळालाच हात घातला: शहरातल्या स्थानकावरच बॅग जमा करा आणि हात हलवत विमानतळावर जा. दिल्लीत नवी दिल्ली मेट्रो स्थानकावरही ही सोय आहे, मात्र ठरावीक विमान कंपन्यांसाठी. जपानमध्ये येतानाही सुटका होते. विमानतळावरच्या काउंटरवर बॅग दिली की बहुधा दुसऱ्या दिवशी ती हॉटेलवर येते. रात्रीचे कपडे आणि औषधं तेवढी आधी काढून ठेवायची.

बाकी हिशेब सोपा आहे, फक्त पूर्ण करावा लागतो. दर १५ मिनिटांनी रेल्वे म्हणजे सरासरी साडेसात मिनिटं वाट पाहणं. टर्मिनलपासून स्थानकापर्यंतची चाल, तिकिटाच्या यंत्रासमोरची रांग आणि शहरात उतरल्यावर चुकीच्या दारानं बाहेर आलो तर रस्ता ओलांडायची कसरत, हेही धरायचं. स्थानक एकाच टर्मिनलला असेल तर मधली शटल बस वेगळी. गाडीवाल्यांनीही फार मिरवू नये. पार्किंगचा मजला कोणता, खांब कितवा, चालक वर आणि आपण खाली, यात बराच वेळ जातो. दोन मोठी विमानं एकदम उतरली तर रांगही वाढते आणि ॲपवरचा दरही. भाड्याचं म्हणाल तर रेल्वेत माणशी तिकीट आणि गाडीत सगळ्यांचं मिळून एक. एकट्यानं रेल्वे, चौघांनी गाडी. दोघा-तिघांत वाद.

आणि बहुतेक जण उलटं करतात. विमानतळावर जाताना गाडी, येताना रेल्वे. खरं तर चेक-इन काउंटर विमान सुटायच्या ४५ मिनिटं ते तासभर आधी बंद होतं, त्यामुळे वेळेची खात्री हवी ती जाताना. रुळांवर कोंडी नसते. येताना अर्धा तास उशीर झाला तर बिघडतं काय? अंग मोडून आलेलं असतं, गाडीत डोळे मिटावेत.

मात्र शेवटच्या रेल्वेची वेळ पाहताना विमान टेकण्याची वेळ धरू नये. पासपोर्टची रांग आणि बॅगेचा पट्टा धरून तासभर जोडावा. मध्यरात्रीनंतर बहुतेक ठिकाणी रूळ दुरुस्तीला घेतात, कारण त्यांनाही तेवढीच उसंत मिळते. आणि स्वस्त तिकिटाची विमानं नेमकी त्याच वेळी उतरतात. तिकिटात वाचलेले पैसे मग मुकाट्यानं टॅक्सीवाल्याला द्यायचे.