डावी टाच आणि दिवसभर उभं राहण्याचं काम

केस कापायला बसलेलं माणूस आरशातून बोलतं, आणि त्याच आरशात मी लंगडताना त्याला दिसते. त्यामुळे माझ्या टाचेचं दुखणं कधी माझ्यापुरतं राहिलंच नाही. ताई, गरम पाण्यात पाय बुडवा. ताई, बर्फ लावा. अनवाणी चाला. अनवाणी अजिबात चालू नका. इंजेक्शन घेऊन मोकळ्या व्हा. इंजेक्शन तर मुळीच घेऊ नका, माझ्या जावेचं बघा काय झालं. गळ्याभोवती कापड गुंडाळलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, म्हणून मी सगळ्यांना ‘हो हो’ म्हणत गेले. पण त्या सल्ल्यांतलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे एकदा नीट लिहून काढायचं होतं.

दुखणं असं. सकाळी पलंगावरून डावा पाय खाली टेकवला की टाचेच्या खालच्या, थोड्या आतल्या बाजूने कळ यायची. पहिली काही पावलं चवड्यावर टाकायची, मोरीपर्यंत भिंत धरून जायचं. थोडं चालल्यावर पाय मोकळा व्हायचा आणि सकाळचा त्रास मी विसरूनही जायचे. मग दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जरा टेकले आणि उठले, की पुन्हा तेच. संध्याकाळी तीव्र कळ नसायची, नुसता ठणका. आधी दुखतं, चाललं की कमी होतं, बसून उठलं की परत येतं, ही या दुखण्याची खूणच आहे. नाव प्लांटर फॅशिआयटिस.

टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळाशी पसरणारा एक जाड पट्टा तळव्यात असतो, तोच प्लांटर फॅशिआ. पाऊल हे धनुष्य मानलं तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. चालताना टाच उचलली जाते, बोटं मागे वळतात, पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान वर उचलून पाऊल ताठ होतं. हे प्रत्येक पावलाला घडतं. शिवाय नुसतं उभं राहिलं तरी कमान तोलून धरायचं काम त्याच्याकडेच. पट्ट्याला जेवढं पेलवतं त्याहून जास्त भार रोज पडत राहिला, तर तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे जाड होतो, त्याचे तंतू झिजतात. नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ दाह असला तरी जुन्या दुखण्यात खरी सूज फारशी नसते, झीजच जास्त असते. वेदनाशामक गोळीने दिवस निघतो पण दुखणं जात नाही, त्याचं हे एक कारण.

माझा एक्स-रे काढला तेव्हा टाचेखाली हाडाचं टोक वाढलेलं दिसलं. ‘हाड वाढलंय’ हे शब्द ऐकले की माणूस निम्मा खचतो, ते टोक प्रत्येक पावलाला आत रुततंय असं वाटायला लागतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो फोटो बाजूला ठेवला. असं टोक टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या पायातही असतं, आणि दुखणाऱ्या कित्येकांच्या पायात नसतंच. त्याचं काही करायचं नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझी टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली. तसं दाबून जोरात दुखलं तर हाडाला बारीक तडा असल्याची शंका घ्यावी लागते. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा किंवा जळजळ आहे का, असं विचारलं, कारण तसं असेल तर शीर दबलेली असू शकते. झोपेतही दुखतं का, दोन्ही टाचा दुखतात का, सकाळी पाठ आखडते का, हेही विचारलं. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि कंबरही सकाळी बराच वेळ धरून राहत असेल तर ते संधिवाताच्या एका प्रकारातून आलेलं असू शकतं. म्हणून दुखण्याला स्वतःच नाव देण्याआधी कोणाला तरी पाय दाखवावा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर गरम पाणी आणि बर्फ दोन्ही लांब ठेवा. भाजलेलंही कळत नाही.

आता उपाय. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो व्यायामाने, आणि तो आरामाच्या बरोबर उलट आहे. झिजलेल्या पट्ट्याला नुसती विश्रांती दिली तर तो दुखायचा थांबतो, पण बळकट होत नाही. कामावर परतलं की दुखणंही परत येतं. त्याला भार हवाच, फक्त मोजून आणि हळूहळू वाढवत नेलेला. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवायची, तिच्यावर पायाची बोटं येतील असं उभं राहायचं, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि पट्ट्यावर ताण येतो. कठडा धरून एका पायावर टाच उचलायची: ३ सेकंदांत वर, २ सेकंद तिथेच, ३ सेकंदांत खाली. सुरुवातीला १२ वेळा, असे ३ फेरे, एक दिवस आड. जमायला लागलं की पाठीवर पिशवी घेऊन तिच्यात पुस्तकं भरायची, वजन वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. (टॉवेलची आमच्या सलूनमध्ये काही टंचाई नाही.) डेन्मार्कमध्ये हा व्यायाम ४८ जणांच्या अभ्यासात तपासला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे, तळव्यातला पट्टा नुसता ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरे होते. वर्षानंतर मात्र दोन्ही गट सारखेच. म्हणजे यात जादू नाही, लवकर आराम पडतो इतकंच. पण ज्याला रोज उभं राहून पोट भरायचंय त्याला ‘लवकर’ ही छोटी गोष्ट नाही.

व्यायाम करताना थोडं दुखतं, आणि थोडं दुखलेलं चालतं. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला लागतो. कळ नेहमीएवढीच किंवा कमी असेल तर आदल्या दिवशीचा भार बरोबर होता. जास्त असेल तर एक पायरी मागे. पूर्वी मी प्रत्येक कळेला घाबरायचे, आता ती फक्त कालचा हिशेब सांगते हे कळल्यावर निम्मी भीती गेली. गर्दीचे सलग दिवस आले की सकाळ बिघडतेच, पण दोन-तीन आठवड्यांचा कल बघायचा, एका सकाळीवरून निकाल लावायचा नाही.

पलंगावरून उतरण्याआधीचं ताणणं मी अजूनही करते. डावा घोटा उजव्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने तळव्यातला पट्टा ताठ झालाय का ते चाचपायचं, १० पर्यंत मोजायचं, असं १० वेळा. त्यानंतरच पाय जमिनीला. पोटरी ताणायची ती भिंतीला हात टेकवून, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरी आखडली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही आणि तो ताण तळव्यावर येतो.

कामातला दोष मात्र बाईंनी नाही, मीच शोधला. खुर्ची वर घ्यायला पायाने पेडल दाबावं लागतं. ते मी कायम उजव्या पायाने दाबायचे, म्हणजे तेवढा वेळ सगळी मी डाव्या पायावर. कान आणि मानेजवळचं बारीक काम करतानाही वजन डाव्यावरच. आता पेडलला पाय आलटून पालटून लावते आणि मानेचं काम चाकांच्या स्टुलावर बसून करते. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, बसून कापलं की रेष वाकडी येते. मला ते पटत नाही. मान डोळ्यांच्या रेषेत आली तर उलट सरळच येते.

चपलांवर मी बराच खर्च केला. मऊ, दाबलं की दबणारी चप्पल दुकानात पायाला छान वाटते, पण दिवसभर उभं राहायला ती निरुपयोगी. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवून बघा: तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेची बाजू घट्ट हवी आणि टाच किंचित उंच असली तर बरं. मापाने बनवून घेतलेले महागडे इनसोल तयार मिळणाऱ्यांपेक्षा जास्त गुण देतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून मी तयारच घेतले. घरातही अनवाणी फिरत नाही.

इंजेक्शन मी घेतलं नाही. त्यातल्या स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, आणि त्या गादीवर तर माझा दिवस उभा आहे. दुखणं असह्य असणाऱ्याने डॉक्टरांशी बोलून घेतलं तर त्याला मी नावं ठेवणार नाही. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभराच्या आसपास शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतं. पण हे महिन्यांचं काम आहे, दिवसांचं नाही. तसं आधी कोणी सांगितलं नाही तर प्रत्येक उपाय पंधरवड्यात सोडून माणूस पुढच्याकडे धावतो.

सध्या सकाळची कळ गेली आहे, लांबलेल्या दिवसानंतर संध्याकाळी थोडा ठणका राहतो. पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे. खुर्चीभोवती घातलेली जाड रबरी मॅट मात्र काढून टाकली. पायाला तिचा आराम होता, पण तिच्यात अडकलेले केस काही केल्या झाडून निघत नव्हते.