यलोस्टोन: कुंडांना दुपार, जंगलाला पहाट

फोटोसाठी पहाटे निघायचं ही सवय अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या कुंडापाशी मोडावी लागते. पहाटे हवा गार आणि पाणी ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे वाफ इतकी दाट की रंग दिसतच नाहीत. उन्हाळ्यात ११ ते ३ ही वेळ धरा. हवा तापली की वाफ विरते आणि डोक्यावरचं ऊन थेट पाण्यात उतरतं. मधला निळा रंग खोल, नितळ पाण्याचा. कडेचे पिवळे, नारिंगी, तपकिरी पट्टे उष्ण पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. पाणी कडेकडे निवत जातं तसे ते पालटतात.

लाकडी पुलावरून कुंड नजरेच्या पातळीत येतं आणि रंगांच्या नुसत्या चिंचोळ्या रेघा मिळतात. पूर्ण वर्तुळ हवं तर फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून निघा. सुमारे ०.६ मैल चाललं, शेवटी १०५ फूट चढलं की ओव्हरलुक, म्हणजे वरून कुंड बघायची जागा, येते. अस्वलांच्या वावरामुळे वसंतात ही वाट बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. कुंडाचा व्यास १०० मीटरच्या घरात, म्हणून इथून ३५ ते ७० मिमीची लेन्स पुरते. ड्रोनला अमेरिकेतल्या सर्व राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, हवाच. पाण्यावरची आकाशाची चमक कापली की तळाचे रंग वर येतात. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा. पांढऱ्या वाफेला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो करडा येतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ देऊन हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. पुलावर ट्रायपॉडचा भरवसा धरू नका. माणसं चालली की फळ्या थरथरतात, म्हणून शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको.

खरी जपायची गोष्ट काच. गीझरच्या (जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याच्या) तुषारांत विरघळलेली सिलिका (वाळूतलं खनिज) असते. थेंब वाळला की पांढरा डाग धरतो, आणि तो घासून काढायला गेलात तर लेन्सचं कोटिंगच जातं. थेंब पडला की ओला असतानाच मऊ कापडाने टिपा, चोळू नका. लेन्सपुढे फिल्टर असला की नुकसान त्याच्यावरच थांबतं. पोलरायझर लावला असेल तर त्यावर यूव्ही फिल्टर चढवू नका, वाइड लेन्सला कोपरे काळे पडतात.

पहाटेची वाफ वाया घालवायची नाही, ती जंगलासाठी ठेवायची. कुंडांलगत वाळून उभे असलेले लॉजपोल पाइन बघा: मुळांनी सिलिकायुक्त पाणी ओढल्याने बुंधे खालून पायमोजे घातल्यासारखे पांढरे झालेले. वाफेत सूर्य समोर ठेवून, +१ देऊन टिपले तर खोडांच्या काळ्या रेघा सुटून येतात. १९८८च्या वणव्यानंतर उगवलेलं रान मात्र एकाच वयाचं, एकाच उंचीचं आणि दाट आहे. तिथे वाइड लेन्सने नुसता गोंधळ येतो. ७०-२०० मिमीची झूम लेन्स लावा आणि ढगाळ उजेड गाठा. कडक उन्हात खोडांवर चट्ट्यापट्ट्या पडतात, त्या एडिटिंगमध्येही नीट निघत नाहीत. अस्वल किंवा लांडगा दिसला तर १०० यार्ड अंतर, बायसन-एल्कपासून २५.