पुष्पक १/६ : पंख झाले, भांडण शेपटीवर अडलंय

मी खऱ्या विमानाच्या सहाव्या हिश्श्याचं रेडिओ कंट्रोल मॉडेल बांधतोय. गेल्या वेळी त्याच्या फ्यूजलाजचा (धडाचा) सांगाडा दाखवला तेव्हा निम्म्या मंडळींचा एकच प्रश्न होता, "पायपर कबसारखं सगळ्यांचं लाडकं अमेरिकन विमान सोडून हे काय मधेच?" तर त्यांच्यासाठी. हे एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, पुढे ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, डोक्यावर पंख आणि त्याला व्ही आकाराचे स्ट्रट (तिरके आधार). दीडशेच्या आसपास बनली आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिकांचा हात त्यांच्यावरच बसला. अमेरिकन एरोन्का चीफ या विमानाशी असलेलं नातं चेहऱ्यावरच दिसतं, ते कोणी नाकारत नाही. पण एचएएलमध्ये हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपले कोल्हापूरकडचे, जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले. कबची मॉडेलं जगभर ढिगाने उडतात. मला पुष्पक बघायचं होतं, बास.

खऱ्या विमानाचा पंख ३६ फुटी, म्हणजे सहाव्या हिश्श्याला बरोबर ६ फूट. इतका सरळ आकडा की प्रमाण ठरवताना आमच्या कंपूत वादच झाला नाही. ही घटना नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

कंपूत कोण कोण, ते नव्या वाचकांसाठी: हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडर उडवणारा मित्र (यापुढे विंचवाला), कामशेतला पॅराग्लायडिंग करणारी ताई, उमेदीची वर्षं एका फ्लाइंग क्लबात पुष्पकचं कापड आणि इंजिनं सांभाळण्यात घालवलेले काका, आणि मी, ज्याचे पाय कायम जमिनीवर. दर रविवारी सकाळी अमृततुल्यात बसतो. तिघांना हवेत जायला मिळतं किंवा मिळालेलं आहे, म्हणून तिघंही मला शिकवतात.

आता पंख. पंखाच्या छेदाचा आकार एरोन्काला एनएसीए ४४१२ होता, मी क्लार्क वाय घेतलाय. कारण सोपं आहे: त्याचा तळ पुढचा भाग सोडला तर सपाट असतो, त्यामुळे बोर्डवर प्लॅन पसरून, वर प्लास्टिकचा कागद टाकून थेट जुळवणी करता येते. रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) अडीच मिलिमीटर बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या. प्लायचे दोन साचे, मध्ये बाल्साचे तुकडे बोल्टने आवळायचे आणि सगळ्या एकदम घासून काढायच्या. एकेक कापत बसलात तर एकीचं तोंड दुसरीला मिळत नाही. स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईला) वर-खाली पाइनच्या पट्ट्या आणि मध्ये त्यांना जोडणारं बाल्साचं शिअर वेब, लाकडाचे तंतू उभे. हे तंतू आडवे ठेवून 'मजबूत वाटतंय की' म्हणणाऱ्यांनी तो तुकडा आधी हातात धरून दाबून बघावा.

टोकाकडे मागच्या कडेखाली ८ मिलिमीटरची पट्टी सरकवून पंखाला जवळपास दोन अंशांचं वॉशआउट (पीळ) दिलंय. टोकाचा कोन मुळापेक्षा कमी राहिला की स्टॉल (पंखाची उचल सुटणं) आधी मुळाशी येतो आणि एलेरॉन (टोकाजवळच्या, विमान कुशीवर कलवणाऱ्या झडपा) शेवटपर्यंत ऐकतात. विंचवाल्याला हे पसंत नाही. त्याच्या मते एवढं पीळ म्हणजे ग्लाइड वाया घालवणं. काका म्हणाले, "अरे, तुझं ते ग्लायडर आहे. ह्याला पुढे मोटर आहे, ग्लाइडची कसली चिंता? पुष्पक स्टॉलला गरीब गाय होतं, याचंही तसंच व्हायला हवं." यावर विंचवाल्याचं नेहमीचं वाक्य आलं: इंजिन लावलं की माणूस आळशी होतो. त्याला विंचने केबलवर खेचून वर सोडतात, मग खाली यायचं की वर राहायचं ते थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडण्यावर. ताईने शांतपणे विचारलं, "तुझ्या विंचला इंजिन नसतं का रे?" त्या दिवशीचा चहा विंचवाल्याने पाजला.

दोन्ही अर्धे पंख कव्हरिंगशिवाय (वरचं आवरण न चढवता) वजनावर ठेवले तर पाच ग्रॅमचा फरक निघाला, डावा जड. एवढा चालतो, उजव्या टोकात खिळा ठेवून बरोबर होईल.

खरं भांडण शेपटीचं. पुष्पकचं नाक आखूड. मॉडेलची लांबी एक मीटरच्या थोडी पुढे जाते, आणि गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या) २५ ते ३० टक्क्यांवर हवा. पंखाची कॉर्ड साधारण २४७ मिलिमीटर, म्हणजे ६२ ते ७४ मिलिमीटरच्या पट्ट्यात. त्या बिंदूपासून शेपटी सुमारे ७० सेंटिमीटर मागे आणि बॅटरीची जागा कशीबशी २० सेंटिमीटर पुढे. शेपटीत १० ग्रॅम टाकले की पुढे ३५ ग्रॅम टाकणं आलं. ही तरफ शाळेत शिकलेलीच आहे, पण शेपटीवर फेविक्विकचा दुसरा हात मारताना ती कोणालाच आठवत नाही.

तरीही विंचवाला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी झडप) आणि रडरचे (सुकाणूचे) सर्वो, म्हणजे त्यांना हलवणाऱ्या छोट्या मोटरी, शेपटीतच बसवा म्हणतो. पुशरॉड (सर्वोपासून झडपेपर्यंतची सळई) छोटा, जोडणीत ढिलाई नाही, सर्वो हलला की एलेव्हेटर हललाच. बोलणं खोटं नाही. पण दोन सर्वो, वायरची एक्स्टेन्शन आणि त्यांच्यासाठी प्लायचं बस्तान धरून ३० ग्रॅम होतात, म्हणजे नाकात शंभरच्या वर शिसं. शिसं उडवायचा छंद मला नाही. ताईचा मार्ग वेगळा: तिचं सगळं विमान, म्हणजे पॅराग्लायडर, दोऱ्यांवर चालतं, म्हणून रडरला दोन्हीकडून दोऱ्या ओढ. काकांना हे एकदम पटलं, कारण खऱ्या पुष्पकमध्येही केबलच. तेव्हा रडरला मासेमारीची वेणीची दोरी, एलेव्हेटरला कार्बनचा पोकळ पुशरॉड आणि दोन्ही सर्वो केबिनच्या मजल्याखाली. विंचवाल्याने निषेध नोंदवायला सांगितलाय, तो नोंदवला.

स्ट्रटबद्दल थोडंसंच. बरेच जण ते नुसते शोभेला लावतात. मी ताण घेणारे केलेत, ॲल्युमिनियमच्या नळीत कार्बनची सळई. उडताना पंख वर वाकू बघतो आणि स्ट्रट त्याला खाली ओढून धरतो, त्यामुळे स्पार हलका ठेवता आला. तोटा एकच, मैदानावर प्रत्येक वेळी चार स्क्रू जास्त.

वजनाचं गणित वहीत मांडलंय. खरं विमान भरल्यावर ६१० किलोच्या आसपास. लांबी सहापट कमी तर वजन सहाचा घन, म्हणजे २१६ पट कमी व्हायला हवं: २.८ किलो. माझं लक्ष्य २.२ किलोचं. पंखाचं क्षेत्रफळ ४५ चौरस डेसिमीटर येतं, तेव्हा दर चौरस डेसिमीटरला ४९ ग्रॅम. या आकाराला हे भारी नाही. मोटर ४०० वॉटच्या घरातली, चार सेलची लिपो बॅटरी आणि १२ बाय ६ चा प्रॉप (पुढचा पंखा). कनेक्टर, वायर, हीट-श्रिंक वगैरे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलं. तिथे एका वस्तूसाठी गेलेला माणूस एक वस्तू घेऊन परत येत नाही, हे घरी समजावून सांगणं अवघड आहे.

मोटर थोडी मोठी का, त्यालाही कारण आहे. पुणे समुद्रसपाटीवर नाही. लोहगाव विमानतळाची धावपट्टी १,९४२ फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ३८ अंशांना तिथली हवा पातळ होऊन जवळपास ५,००० फुटांवरच्या प्रमाणित हवेसारखी वागते. पंखालाही कमी मिळतं आणि प्रॉपलाही. काका म्हणतात, क्लबात उन्हाळ्याच्या दुपारी दोन धिप्पाड माणसं एकत्र पुष्पकमध्ये बसवायचेच नाहीत. "सकाळी या म्हणायचो. पंख्याखाली बसूनच परत जायचे बिचारे." आपलं पहिलं उड्डाणही म्हणूनच पहाटे.

जागेचा मुद्दा दर वेळी निघतो म्हणून एकदाच लिहितो. एका बाजूला लोहगाव, दुसरीकडे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), तेव्हा शहरात किंवा जवळपास हात घालूच नका. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली विमानं 'मॉडेल' या सदरात बसतात: २५ किलोपर्यंत, छंद किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात. टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या यंत्राला सरकारी मान्यता) लागत नाही, पण कुठे उडवायचं नि कुठे नाही याचे झोन पाळावेच लागतात. निघण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा उघडून बघायचा, मग गाडी काढायची. आम्ही दिवे घाट ओलांडून सासवडच्या अंगाला माळ गाठतो. पुरंदरचा विमानतळ झाला की तोही हातचा जाणार. ताईचं म्हणणं, तेव्हा आपण तिथे सगळ्यांत जुने ऑपरेटर म्हणून रीतसर स्लॉट मागायचा.

पुढचं काम कव्हरिंग. फिल्म की कापड यावर काकांनी डोपचा (कापडावर मारायच्या, ते ताणून धरणाऱ्या लेपाचा) वास, रिबला कापड शिवायची गाठ आणि हाताने प्रॉप फिरवताना पाय कुठे ठेवायचा यावर तासभर सांगितलं. पैकी शेवटच्याचा कव्हरिंगशी संबंध नव्हता, पण थांबवणार कोण. तडजोड अशी: पंख आणि फ्यूजलाजला कापडाच्या पोताची, इस्त्रीने चिकटणारी फिल्म, शेपटीला सगळ्यांत हलकी साधी फिल्म. लांबून फरक कळणार नाही. काकांना कळेल, पण त्यांना आधीच सांगून टाकलंय.

कोणाकडे पुष्पकच्या इन्स्ट्रुमेंट पॅनेलचा जुना स्वच्छ फोटो असेल तर कृपया पाठवा. सध्या सगळं काकांच्या आठवणीवर चाललंय आणि त्यांचं ऑइल प्रेशरचं मीटर दर रविवारी जागा बदलतं.