कपाट भिंतीला लागेपर्यंत

मृगाचा पहिला पाऊस पडला की सासूबाई आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट वीतभर पुढे ओढून घ्यायच्या. मागची भिंत पश्चिमेची, पावसाच्या तोंडावरची. कपाट टेकलेलं राहिलं तर पाठीचा पत्रा गंजतो आणि गोधड्यांना कुबट वास येतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते. इतकं अंगवळणी पडलं होतं की ती भिंत दुरुस्तही करता येते, हे सुचायला सहा वर्षं आणि दोन मुलं जावी लागली.

घर डोंबिवली पूर्वेला, १९८७ सालच्या इमारतीत. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी जूनमध्ये थोरली साडेचार वर्षांची होती, नुकतीच छोट्या शिशूत जाऊ लागली होती. धाकटा चार महिन्यांचा. जुलैत थोरलीचा खोकला तीन आठवडे हटेना. रात्री छातीतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहून दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का? ही झोपते कुठे?" ती त्याच भिंतीला लागून झोपायची. घरी येऊन कपाटामागे टॉर्च मारला, तर कोपऱ्यात हातभर काळी बुरशी. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वरून रंग मारून झाकू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा."

वरून रंग आम्ही आधी दोनदा मारला होता. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारी पुट्टी लावली, त्यावर दोन हात, आणि दिवाळीत भिंत नवीकोरी दिसायची. पुढच्या ऑगस्टमध्ये पोपडे. पाणी भिंतीच्या आतून येतं तेव्हा ते पुढच्या थराला मागून ढकलतं. सिमेंटमधले क्षार विरघळून बाहेर येतात, पांढरा लोणा धरतो आणि कितीही महागाचा रंग असला तरी सुटतो. ओल थांबवायची ती पाणी शिरतं त्या बाजूने. हे कळल्यावर मागच्या दोन वेळच्या पैशांचं वाईट वाटलं, पण थोरलीच्या उशाशी ती बुरशी किती महिने असेल, याचं जास्त.

पावसाळ्यात बाहेरून काही करता येत नाही, पण चोर शोधायला तोच काळ बरा. नवऱ्याने पेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेने भिंतीवर रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली. दर चार दिवसांनी नवी रेघ. ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवस लख्ख ऊन पडलं. भिंतीच्या मधला डाग थोडा आत सरकला. छताच्या कोपऱ्यातला मात्र उन्हातही दोन बोटं वाढला. म्हणजे पाणी दोन ठिकाणचं होतं: एक पावसाचं, बाहेरच्या भिंतीच्या तड्यांमधून, दुसरं वरच्या घराच्या बाथरूमचं. ही खूण पटली नसती तर आम्ही एकाच ठिकाणी खर्च करून पुन्हा फसलो असतो. घरात ओल असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी महिनाभर तरी हे करा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

वर राहतात ते काका-काकू सत्तरीचे. त्यांच्याकडे जाऊन "तुमचं बाथरूम गळतंय" म्हणणं मला सगळ्यात जड गेलं. प्लंबर म्हणाला, आधी खात्री करू. त्याने वरच्या नहाणीच्या जाळीला बोळा लावून लाल रंग कालवलेलं पाणी रात्रभर साठवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या छताच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग उमटला. काकू स्वतः जिना उतरून खाली आल्या, चष्मा वर करून तो डाग बघितला आणि म्हणाल्या, "मुलांच्या डोक्यावर आमचं पाणी नको गं बाई."

जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खोलगटात विटांचे तुकडे भरून वर कोबा करतात. जाळीपाशी सांधा सुटला की पाणी त्या भरावात साठतं आणि आठवडेच्या आठवडे खाली पाझरत राहतं. म्हणून वरवर फरशांच्या फटींत ग्राऊट भरून भागत नाही, सगळं फोडावं लागतं. खर्च कोणाचा हेही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे: बाहेरची गळती आणि सामाईक पाइप सोसायटीकडे, घराच्या आतली गळती त्या-त्या सभासदाकडे. बैठकीत यावर दोन संध्याकाळी गेल्या, पण शेवटी बाहेरची भिंत सोसायटीने घेतली.

काकांचं बाथरूम दिवाळीनंतर आठ दिवस बंद होतं. ते आठही दिवस दोघं आमच्याकडे आंघोळीला यायचे. सकाळी साडेसहाला काका, मग नवरा, मग थोरली शाळेसाठी, सगळ्यांत शेवटी निवांतपणे काकू. थोरली त्यांच्यासाठी बादलीत गरम पाणी काढून ठेवायची आणि दाराबाहेर बसून त्यांच्याशी गप्पा मारायची. सहा वर्षांत जेवढी ओळख झाली नव्हती तेवढी त्या आठ दिवसांत झाली.

नोव्हेंबरात मागच्या बाजूला बांबूची परांची चढली. तडे खोदून भरले, सुटलेलं प्लास्टर काढून नवं केलं. प्लास्टरवर सात दिवस पाणी मारायचं असतं; कामगार संध्याकाळी लवकर गेले की सासूबाई खिडकीतून नळीने पाणी मारत. धाकटा तेव्हा रांगायला लागला होता. त्याची नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि परांची बांधायला येणारी माणसं, दोन्ही एकाच सकाळी. तापाने किरकिरणारं बाळ खांद्यावर आणि खिडकीबाहेर हातोडे, असा तो दिवस गेला. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद असते. त्या नियमाचं मोल मला धाकट्याच्या झोपेमुळे कळलं.

जानेवारीत आमच्याच बाथरूमची पाळी आली. भिंतीतले जुने लोखंडी पाइप गंजून आतून बोटभर उरले होते. ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे घातले. राडारोडा गोण्यांत भरून दोन जिने खाली नेला, त्याला वेगळा टेम्पो, वेगळे पैसे. अंदाजपत्रकात हे कोणी लिहीत नाही, तुम्ही विचारून घ्या. फरशी बसली, छान दिसली. पण संध्याकाळी नवऱ्याने थोरलीची गोटी मागून घेतली आणि दाराशी सोडली, तर ती जाळीकडे जायच्या ऐवजी बेसिनखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. उतार चुकला होता. मिस्त्री आधी म्हणाला, "एवढं चालतं." आम्ही अडून बसलो. दोन रांगा उखडल्या, दोन दिवस गेले, सहा फरशा वाया गेल्या. तो नाराज झाला, पण नवं काम चोख केलं आणि गोटी स्वतः सोडून दाखवली.

या सगळ्यात संक्रांत आली. धाकट्याचं पहिलंच बोरनहाण, आणि आमच्या हॉलमध्ये सिमेंटच्या गोण्या. मी म्हटलं, रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, बघू. काकू म्हणाल्या, बघायचं कशाला, वर करू. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि काकूंच्या स्वच्छ, कोरड्या हॉलमध्ये बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांचा पाऊस. इमारतीतली नऊ मुलं जमली होती. तेव्हा आम्ही त्यांच्याकडे आंघोळीला जात होतो. फेड म्हणून नाही, पण मला ते फार बरं वाटलं.

रंगाचं सांगायलाच हवं, कारण लहान मुलं असलेल्या घरात याकडे कोणी बघत नाही. दारं आणि खिडक्यांचे गज यांवर जुन्या ऑइलपेंटचे थर होते. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे, ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत याहून कितीतरी जास्त शिसं असू शकतं. ते कोरडे घासले की बारीक धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला बाधतं. म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन बारा दिवस चिपळूणला माहेरी गेले. रंगाऱ्याला ओल्या पॉलिश पेपरनेच घासायला लावलं, बत्तीने रंग जाळायला साफ नकार दिला. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने जमीन पुसून फडकं फेकायचं, हे काम नवऱ्याने एक दिवसही चुकवलं नाही. रंगारी कुरकुरला, दोन दिवसांची जास्त मजुरी द्यावी लागली. ती देताना मला जराही जड वाटलं नाही.

वायरिंगही तेव्हाच बदललं. जुन्या पॉइंटना अर्थिंगच नव्हतं. आता मीटरनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे. कुठे करंट गळू लागला की हा स्विच घराची वीज क्षणात बंद पाडतो.

सगळं मिळून अंदाज दोन लाख दहा हजारांचा होता, झाले तीन लाख पाच हजार. स्वयंपाकघर तसंच राहिलं. कडप्प्याचा ओटा, त्याची तुटलेली कड, वरचा धुरकट माळा. मला नवं स्वयंपाकघर हवं होतं, अजूनही हवं आहे, आणि संध्याकाळी पोळ्या करताना रोज त्याचं दुःख होतं. पण पाणी, वीज आणि हवा यांच्या नंतरचा तो नंबर होता, त्यावर आमचं दोघांचं एकमत झालं होतं.

नवं प्लास्टर आतून महिनाभर वाळू दिल्यावरच भिंतीला प्रायमर लावला. तरी एप्रिलमध्ये कपाट वीतभर पुढेच होतं. सासूबाई म्हणाल्या, एक पाऊस जाऊ दे. मला मात्र घाई होती. धाकटा तोवर चालायला लागला होता, कपाटाचं दार उघडून खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढायचा. मोकळं उभं कपाट अशा वेळी मुलाच्या अंगावर येतं. भिंतीला पट्टीने आवळायचं तर ते भिंतीला टेकलेलं हवं. मधल्या काळात आम्ही दाराला दोरी बांधून दिवस काढले.

या जूनमध्ये पाऊस आला. पहिले दोन आठवडे मी रोज सकाळी भिंतीवरून तळहात फिरवत होते. नवरा पेन्सिल घेऊन तयार होता. रेघ ओढायला काही मिळालं नाही. थोरली आता मोठ्या शिशूत आहे, तिला अधूनमधून सर्दी होते, पण रात्रीची ती शीळ या पावसाळ्यात अजून ऐकलेली नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी बाहेर धो धो पाऊस पडत असताना सासूबाईंनी एक गोधडी काढली, नाकाशी धरली, घडी करून परत ठेवली.

"लाव रे कपाट भिंतीला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो ड्रिल आणायला वर काकांकडे गेला.