काळी पडलेली कड

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटने माझ्या सहकाऱ्याला सरळ विचारलं, “डॉक्टर, तुमच्या हातून असे किती घोटे बदलून झालेत?” गुडघे त्याने शेकड्याने बदललेत. घोटे मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्याने आकडा लपवला नाही, मी सोबत असेन हेही सांगितलं. पेशंटने सही केली.

जुन्या फ्रॅक्चरनंतर झिजलेला सांधा होता. गुडघा वयाने झिजतो, घोटा बहुतेक वेळा दुखापतीनंतर. त्यामुळे कातडीवर आधीचे व्रण असतात आणि इथे कातडीच सगळ्यात नाजूक. छेद समोरून घ्यायचा. टिबियालिस या पुढच्या स्नायूच्या कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) आवरण शक्यतो उघडायचं नाही. ते उघडलं तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी ताणून जखमेला आतून रेटते. शेजारीच रक्तवाहिनी आणि नस. रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरणारं हत्यार, खोलवर लावायचा, कातडीच्या कडांवर ताण येऊ द्यायचा नाही आणि काम थांबलं की लगेच सैल करायचा. गुडघ्याच्या सर्जनला तो ताणून ठेवायची सवय असते. याने ती मोडली होती. करवत आतल्या मॅलिओलसमध्ये (घोट्याच्या आतल्या बाजूला उंचवट्यासारखं लागतं त्या हाडात) घुसू नये म्हणून कोपऱ्यात पिनही घातली. त्याच्या हातात मला खोट काढता आली नाही.

वेळ मात्र लागला. हाड नेमकं कापायला लागणारी जिग बसवली, सी-आर्म या चालू ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राखाली पाहिली, अर्धा अंश हलवली, पुन्हा पाहिली. नवीन माणसाने असंच करावं. पण तेवढा वेळ कातडी ताणाखाली राहते.

एक्स-रे इतका देखणा आला की विभागाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या ड्रेसिंगला जखमेच्या मधोमध कड काळी दिसली. मग व्हॅक्यूम ड्रेसिंग, प्लास्टिक सर्जन, आठवडेच्या आठवडे पाय उशीवर. संसर्ग आत गेला नाही, सांधा वाचला.

घोटा बदलल्यावरच्या गुंतागुंतींच्या, ग्लेझब्रुक यांच्या २००९ च्या वर्गीकरणात जखम न भरणं सौम्य गटात येतं, कारण त्यामुळे सांधा सहसा निकामी होत नाही. सांध्यापुरतं ते बरोबर आहे. रोज ती जखम धुणाऱ्या सिस्टरला आणि पाय खाली सोडता न येणाऱ्या माणसाला कुणी सौम्य म्हणून दाखवावं.

मायर्सन आणि म्रोचेक यांनी २००३ साली बदललेल्या पहिल्या २५ घोट्यांची पुढच्या २५ शी तुलना केली. पुढच्या गटात गुंतागुंती कमी झाल्या. म्हणजे पहिले २५ कुणाचे तरी पाय असतातच. कृत्रिम सांध्यांच्या कंपन्या कार्यशाळा घेतात, मृतदेहावर हाडं कापून घेतात. तिथे कातडी काळी पडत नाही. आणि वर्षाकाठी येणारे मोजके घोटे आपण सगळ्यांत वाटून टाकतो! ते दोघा सर्जनकडेच द्या, असं मी लेखी मागितलंय. कागद तसाच पडून आहे.

पेशंटने मला नंतर विचारलं, “तुम्ही केलं असतं तर असं झालं असतं का?” “शक्यता कमी होती,” मी म्हणालो. सहकाऱ्याला हे लागलं. पुढच्या केसला छेद आणि टाके मी घेतो, हाडाचं काम तू कर, असं मी सुचवलं.

“मग सर, कातडी सांभाळायला मी शिकणार कधी?” तो म्हणाला. केस पुढच्या आठवड्यात आहे आणि अजून आमचं ठरलेलं नाही.