आमची वाटचाल: पंपाच्या शाफ्टपासून कोर होल्डरपर्यंत

आण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या लेथवर पंपाचे शाफ्ट करायला सुरुवात केली, मी तेच शिरोलीला शेड घेऊन पुढं चालवलं. ऑइल इंजिनचं गाव आमचं, काम मिळायचं, पण मार्जिन म्हणाल तर चहापाण्यापुरतं.

मग खडकातलं तेल बाहेर काढायचे प्रयोग करणाऱ्या एका लॅबमधनं मॅडमचा फोन आला, कोर होल्डर करून द्याल का. मी हो म्हटलं आणि कोरबॉक्सचं, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवायचा वाळूचा गाभा करायच्या साच्याचं, कोटेशन पाठवलं, फौंड्रीवाल्याला कोर म्हणजे वाळूचाच ना. त्यांचा पण वाळूचाच निघाला म्हणा, वालुकाश्माचा दीड इंची गोल तुकडा, तेल मुरवलेला. तो रबरी स्लीव्हमध्ये घालायचा, बाहेरून हायड्रॉलिक प्रेशर द्यायचं म्हणजे वरच्या खडकाचा भार झाला, आणि एका टोकानं लिक्विड ढकलून दुसरीकडं किती तेल निघतंय ते मोजायचं.

तेल गुजरातेत मेहसाणाकडं बलोल, संथालच्या तेलविहिरींत असतंय तसलं जड, घट्ट काकवीसारखं. नुसतं पाणी सोडलं तर ते मोकळ्या वाटेनं पळतंय आणि तेल दगडातच राहतंय. म्हणून मॅडम पाण्यात ग्राफीन ऑक्साईडवर (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) मॅग्नेटाईट, म्हणजे चुंबक धरणारं लोखंडाचं ऑक्साईड, बसवलेले नॅनो कण मिसळतात. हे कण तेल आणि पाण्याच्या मधे जाऊन बसतात, तेलकट दगडाला पाणी धरायला लावतात, आणि बाहेर आलेले कण चुंबकानं परत गोळा करता येतात. ग्राफाईट तर आम्ही मोल्डला फासतो, त्यालाच गंधकाम्ल आणि परमँगनेट लावून हे ग्राफीन ऑक्साईड बनतंय म्हटल्यावर आमचे तात्या मिस्त्री म्हणाले, "मग आपण काय सोनं फासतोय व्हय इतकी वर्षं!"

पहिला होल्डर मी 410 स्टेनलेसचा केला. गंजू नये एवढंच डोक्यात, आणि बार स्वस्तात मिळाला. 410 चुंबक धरतंय. मॅडमनी बाहेरनं चुंबक लावला तर त्याचा जोर सगळा बॉडीच्या भिंतीतच जिरला, आत कोरपर्यंत काही पोचेना, आणि कण एंड प्लगला, म्हणजे टोकाच्या बुचाला, काळ्या गाळासारखे चिकटून बसले. मॅडम बोलल्या काहीच नाहीत, नुसता फोटो पाठवला, ते जास्त लागलं. ड्रॉइंगवर नॉन-मॅग्नेटिक लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. पदरच्या पैशानं चुंबक न धरणाऱ्या 316 स्टेनलेसमध्ये दुसरा केला, तर 2019 च्या महापुरात हायवे बंद, आणि पॅक केलेला माल शेडमध्येच पडून. नायट्राईल रबराचं स्लीव्ह टोल्यूइन सॉल्व्हंटनं फुगलं ते वेगळंच, तेव्हापासनं व्हायटॉन रबरच. आता येईल तो बार तात्या स्पीकरमधल्या जुन्या चुंबकानं तपासतात, 304 स्टेनलेस पण कोल्ड वर्किंग झालं, म्हणजे न तापवता ओढलं-वाकवलं, की जरा ओढतंय.

मधे एकदा इनलेट प्रेशर चढतच गेलं, संशय आधी आमच्यावरच. निघालं काय तर खारट पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमनं कणांचे गोळे होऊन कोरचं तोंडच बुजलं होतं. त्यांनी लिक्विड बदललं, आम्ही जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह चढवला. सध्या असले दोन होल्डर मशीनवर आहेत, पगार मात्र अजून शाफ्टवरच निघतोय.